सहीपुरते वाटेकरी



प्राध्यापकांच्या हक्कांवर लिहितो म्हटलं की आपली पोरं तोंड वाकडं करतात. वस्तीत नळाला पाणी नाही, पोरीची स्कॉलरशिप अडकून पडलीय, आणि सर, तुम्ही प्राध्यापकांचे हक्क काय घेऊन बसलात? वेतन आयोग घेतला, ब्लॉक घेतला, गाडी घेतली. अजून कसले हक्क राहिलेत? हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आहे. विचारणारा माझाच विद्यार्थी होता. त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

उत्तर थोडक्यात असं. कॉलेजात कोण शिकवणार, काय शिकवणार, कुणाला लायक म्हणायचं आणि कुणाला वसतिगृहातून काढायचं, हे ज्या खोलीत ठरतं ती खोली आपण नीट पाहिलेलीच नाही. आपण गेटवर घोषणा देतो. गेट उघडतं. आपला एक माणूस आत जातो, चहा पितो, सही करतो आणि बाहेर येतो. आत काय झालं ते तो सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं. आज सांगणार आहे. पण आधी कागद वाचू. कागद न वाचता शिव्या देणं सोपं असतं, आणि आपल्या चळवळीनं ते भरपूर केलंय.

१

कागद दोन आहेत, दोन्ही अमेरिकेतले. पहिला १९१५ सालचा जाहीरनामा. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स ही प्राध्यापकांची संघटना त्या वर्षी उभी राहिली आणि तिनं शिक्षणातल्या स्वातंत्र्याची तत्त्वं जाहीर केली. दुसरा १९६६ सालचा. तो या संघटनेनं एकटीनं केला नाही. कॉलेजांची परिषद आणि विश्वस्त मंडळांची संघटना यांच्याबरोबर बसून केला. विद्यापीठाचा कारभार कुणी, किती, कसा बघायचा याची वाटणी त्यात आहे. इंग्रजीत या वाटणीला 'शेअर्ड गव्हर्नन्स' म्हणतात. आपण साधं म्हणू, वाटून केलेला कारभार.

आपला या कागदांशी काय संबंध? पहिल्याशी तर थेट आहे. त्या संघटनेचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूई. १९१५ चा मसुदा ज्या समितीनं केला तिचे अध्यक्ष एडविन सेलिगमन. दोघंही कोलंबिया विद्यापीठातले. आणि १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात या दोघांच्या वर्गात एक महाराचा पोरगा बसत होता. म्हणजे प्राध्यापकाला मालकाच्या मर्जीतून सोडवणारा कागद बाबासाहेबांचे गुरू लिहीत होते, आणि त्याच वेळी बाबासाहेब तिथल्या ग्रंथालयात वाचत बसले होते. एवढ्यावरून त्यांनी तो कागद वाचला असं मी म्हणणार नाही. पण आपल्याला तो परका म्हणून फेकता येत नाही.

२

आधी त्यातलं चांगलं सांगतो, कारण चांगलं खूप आहे.

१९१५ चा कागद म्हणतो की विद्यापीठ ही विश्वस्तांची खाजगी मालमत्ता नाही, ती लोकांची ठेव आहे. प्राध्यापकाला विश्वस्त मंडळ नेमतं हे खरं, पण म्हणून तो त्यांचा गडी होत नाही. यासाठी दिलेला दाखला जबरदस्त आहे. न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतो, म्हणून न्यायाधीश राष्ट्राध्यक्षाला विचारून निकाल देतो का? नाही. तसंच प्राध्यापकाचं. त्याची बांधिलकी नेमणाऱ्याशी नाही, लोकांशी आहे. पुढं व्यवहाराच्या मागण्या आहेत. काढायचं तर आरोप लेखी द्या, सुनावणी घ्या, निर्णयाआधी प्रकरण शिक्षकांच्या समितीपुढं ठेवा. इन्स्ट्रक्टरच्या वरच्या जागा दहा वर्षांच्या नोकरीनंतर कायम करा.

ज्या माणसानं संस्थाचालकाच्या वाड्यावर वाढदिवसाला हार घेऊन उभं राहण्याची ड्यूटी केलीय, त्यानं हे वाचून पाहावं. अंगावर काटा येतो. आपल्याकडं अनुदानित कॉलेजात पगार सरकारी तिजोरीतून येतो, म्हणजे मोलकरणीनं काड्यापेटीवर भरलेल्या करातूनही येतो. तरी माणूस कुणाचा? तर संस्थेचा. शिक्षणसम्राटाच्या पोराच्या निवडणुकीत स्लिपा वाटणारा.

त्या कागदात जबाबदारीही आहे, हे आपले संघटनावाले पुढारी विसरतात. तो म्हणतो की आपल्यातल्या नालायकांना आपणच दूर केलं नाही, तर ते काम बाहेरचे लोक करतील, आणि वाईट हेतूनं करतील. वर्गात पोरांच्या कच्च्या वयाचा फायदा घेऊ नका, विरोधी बाजूही प्रामाणिकपणे मांडा. हक्क हवा तर शिस्त आपणच लावली पाहिजे.

१९६६ च्या कागदात वाटणी आणखी स्पष्ट आहे. अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत, संशोधन, आणि शिक्षकांच्या नेमणुका, बढत्या, बडतर्फी यांत मुख्य शब्द शिक्षकांचा. पैसा, मालमत्ता, दूरचं धोरण यांत विश्वस्तांचा. या बाबतींत विश्वस्तांनी शिक्षकांचं मत सहसा मोडू नये. मोडलंच तर भक्कम कारण सांगून मोडावं. वाचायला गोड आहे. आता खडे वेचू.

३

पहिला खडा. १९१५ च्या आधी अमेरिकेत एक प्रकरण गाजलं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातला प्राध्यापक एडवर्ड रॉस. संस्थापकाची विधवा जेन स्टॅनफर्ड यांच्या हट्टामुळं १९०० साली त्याला जावं लागलं. त्याच्या बाजूनं इतर प्राध्यापकांनी राजीनामे दिले. अर्थतज्ज्ञांची चौकशी समिती बसली, तिचे प्रमुख सेलिगमनच. शैक्षणिक स्वातंत्र्याच्या इतिहासात रॉस हुतात्म्यासारखा येतो. आणि तो बोलला काय होता? इतर मतांबरोबर त्याचं एक भाषण होतं चिनी आणि जपानी मजुरांच्या विरोधात. ही माणसं खालच्या वंशाची, त्यांना देशात येऊ देऊ नका, ही त्याची भूमिका. म्हणजे मालकिणीपुढं न झुकणारा हा बहाद्दर मजुरांच्या बाबतीत सवर्णच निघाला. अन्याय त्याच्यावर झाला, नाही म्हणत नाही. पण ज्यांच्याविरुद्ध तो बोलला त्यांच्यातला एकही माणूस त्या चौकशीच्या टेबलाजवळ बसू शकत नव्हता.

दुसरा खडा. त्या जाहीरनाम्याला शत्रू दिसतात ते हे: श्रीमंत देणगीदार, विश्वस्त, राजकारणी, बहुमताची झुंडशाही. काळा माणूस त्यात येत नाही. गोऱ्यांच्या विद्यापीठांत काळा प्राध्यापक तेव्हा जवळजवळ नव्हताच. हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली निघालं, प्रामुख्यानं काळ्यांच्या शिक्षणासाठी. त्याला पहिला काळा अध्यक्ष मिळाला १९२६ साली. जवळजवळ साठ वर्षं विद्यार्थी काळे आणि खुर्ची गोरी. ही वाटणी त्या कागदाच्या डोळ्यांत खुपली नाही.

तिसरा खडा. इन्स्ट्रक्टर दहा वर्षांच्या संरक्षणातून बाहेर. जो सगळ्यात खाली, ज्याला सगळ्यात लवकर काढतात, तोच बाहेर ठेवला. विद्यार्थी तर १९६६ च्या कागदात शेवटी एका छोट्या टिपणात येतात. त्यांचा वाटा ठरवायचं काम पुढं ढकललं आहे.

चौथा खडा तर मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातल्या प्राध्यापकांना युनियन करायची होती. व्यवस्थापन म्हणालं, बोलणी करणार नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: हे प्राध्यापक अभ्यासक्रम ठरवतात, नेमणुका सुचवतात, म्हणजे कारभारात वाटेकरी आहेत. वाटेकरी आहेत म्हणजे हेच व्यवस्थापक. आणि व्यवस्थापकाला कामगारांच्या युनियनचा कायदा लागू नाही. बघा कसं! वाट्याचा सन्मान दिला आणि त्याच सन्मानानं हात बांधले.

आणि एवढं सगळं असूनही कागद मोडायला वेळ लागत नाही. जाहीरनाम्याला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. १९१७ साली महायुद्धात खुद्द कोलंबियानं युद्धविरोधी म्हणून कॅटेल आणि डाना या दोन प्राध्यापकांना काढलं. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांचा युद्धाला पाठिंबा होता. तरी त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. ड्यूईंनी शिक्षकांच्या समितीतून अंग काढून घेतलं, पण नोकरीत राहिले. मी बिअर्डना मान देतो. पण त्याच वर्षी इकडं काय चाललं होतं तेही आठवा. कोलंबियाचं शिक्षण घेतलेला आपला माणूस बडोद्याला नोकरीवर गेला होता. राहायला खोली नाही, शिपाई लांबून फाईल फेकतोय, आणि पारशी खाणावळीतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलंय. बिअर्डनी खुर्ची सोडली. बाबासाहेबांना बसायलाच मिळालं नाही. राजीनामा द्यायलासुद्धा आधी खुर्ची लागते, दोस्तहो.

४

वाटून केलेला कारभार आपल्याला नवा आहे का? मुळीच नाही. गावगाडा म्हणजे दुसरं काय होतं? पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, प्रत्येकाचं काम ठरलेलं, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. महाराचाही होता. शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष निघायची, कारण शीव त्याला ठाऊक. सारा तालुक्याला पोचवायचा तो. मेलेलं ढोर ओढायचा तो. वतन होतं, बलुतं होतं. कुणी परका माणूस गावात आला असता तर म्हणाला असता, वा, काय सुंदर व्यवस्था, सगळ्यांना सामावून घेतलंय!

पण चावडीवर बसायला जागा नव्हती. वाटा होता, सत्ता नव्हती. म्हणूनच बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात बिल आणलं. लोक म्हणत होते, असलेला वाटा कशाला सोडता? ते म्हणत होते, या वाट्यानंच तुम्हाला बांधून ठेवलंय.

म्हणून कारभारात वाटा या शब्दावर माझा पहिला प्रश्न हा: वाटा चावडीवरचा की उकिरड्यावरचा?

५

आता आपल्याकडं या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. यात अधिसभा आहे, व्यवस्थापन परिषद आहे, विद्या परिषद आहे. अधिसभेवर पदवीधरांतून दहा जण निवडून जातात, त्यांतल्या पाच जागा राखीव: अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास आणि महिला. हे कुणी दान दिलेलं नाही. कॉलेजच्या पातळीवर जुनी स्थानिक व्यवस्थापन समिती गेली आणि महाविद्यालय विकास समिती आली. तिचा अध्यक्ष संस्थेचा अध्यक्ष. तिच्यात तीन शिक्षक निवडून यायचे, एक तरी महिला. पण मत कुणाला? पूर्णवेळ शिक्षकांना.

इथं अडतं. आज कितीतरी कॉलेजांत तास कोण ओढतंय? सीएचबीवाला. तासिका तत्त्वावरचा. नेट झालेला, पीएच.डी. झालेला, तासावर पैसे घेणारा, मे महिन्यात शून्य रुपये कमावणारा. त्यात आपली पोरं किती आहेत ते मोजायला समिती नको, कुठल्याही स्टाफरूममध्ये मागच्या बाकावर बघा. १९१५ चा इन्स्ट्रक्टर आणि आजचा सीएचबीवाला यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे, फरक नाही. अमेरिकेतसुद्धा आज बहुसंख्य प्राध्यापक कायम नाहीत. म्हणजे कारभार वाटून घेणारे थोडे आणि कारभार सोसणारे फार.

आता माझी गोष्ट. मी नऊ वर्षं सीएचबी केली, मग कायम झालो. पुढं एका कॉलेजच्या निवड समितीवर कुलगुरूंनी नेमलेला मागासवर्गीय प्रतिनिधी म्हणून गेलो. जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती. चार उमेदवार आले. त्यात एक पोरगा, नेट, पीएच.डी., दोन चांगले लेख. बाहेर व्हरांड्यात मला बघून हळूच जयभीम म्हणाला, इतर कुणाला ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात. आत त्याला इंग्रजीत विचारलं, तो अडखळला. मराठीत सांगू का म्हणाला. तज्ज्ञ म्हणून बसलेले प्राध्यापक एकमेकांकडं बघून हसले. दहा मिनिटांत संपलं. टाईप केलेला कागद समोर आला: योग्य उमेदवार आढळला नाही.

मी सही केली.

का केली? धमकी कुणी दिली नव्हती. संस्थाचालक तर तोंडही उघडून बोलला नाही. माझ्या शेजारी बसलेले विद्वान होते, त्यांच्या पंक्तीत मला पहिल्यांदा बसवलं होतं. एकानं मला 'सर' म्हटलं होतं. त्या एका 'सर'च्या किमतीत मी त्या पोराची जागा विकली. पुढच्या जूनमध्ये कळलं की त्याच कॉलेजात, त्याच विषयाला, तोच पोरगा सीएचबीवर शिकवतोय. जागेला अयोग्य आणि तासाला योग्य. आठवड्याचे सगळे तास त्याचे. मे महिना त्याचा कुणाचाच नाही.

मला सुनवायला त्या दिवशी १९६६ चा कागद पुरेसा होता का? नाही! त्या कागदाच्या दृष्टीनं सगळं नियमानं झालं होतं. नेमणुकीत मुख्य शब्द शिक्षकांचा असावा; होता. मालकानं ढवळाढवळ करू नये, केली नाही. आपल्या विद्येच्या लोकांनीच आपल्या विद्येतला माणूस पारखावा, पारखला. जातीनं काम केलं ते 'गुणवत्ता' नावाच्या कपड्यात, आणि त्याला माझ्या सहीचं बटण लावलं होतं. या कागदाचा सगळ्यात मोठा दोष हा, की तो प्राध्यापकाला मालकापासून वाचवतो. पण प्राध्यापकापासून आपल्याला कोण वाचवणार, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

हा एकट्या माझा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. २०१७ साली अलाहाबाद हायकोर्टानं म्हटलं की आरक्षणाचा हिशोब सगळ्या विद्यापीठाचा धरू नका, एकेका विभागाचा धरा. ५ मार्च २०१८ ला विद्यापीठ अनुदान आयोगानं तसा आदेश काढला. विभागात जागा दोन-तीन, मग रोस्टरवर आपला नंबर येणार कधी? जाहिरातींतून राखीव जागा गळायला लागल्या. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, सरकारला वटहुकूम काढावा लागला, मग त्याच वर्षी कायदा झाला. हे सगळं रस्त्यावर मिळालं. ज्या विद्या परिषदा अभ्यासक्रमातल्या एका स्वल्पविरामासाठी दोन तास वाद घालतात, त्यांतल्या कितींनी त्या वर्षभरात निषेधाचा ठराव केला, हे आपापल्या विद्यापीठात जाऊन विचारा.

आणि रोहित वेमुला. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आंबेडकरी संघटनेच्या पाच विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढलं गेलं. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. दिल्लीहून आलेल्या पत्रांबद्दल आपण बोललो, बोललंच पाहिजे. पण काढण्याचा निर्णय कागदावर आला तो कार्यकारी परिषदेमार्फत, समित्यांमार्फत. त्या समित्यांत कोण असतं? आमच्यासारखे प्राध्यापक असतात, चष्मा पुसत सही करणारे.

६

मग हे सगळं फेकून द्यायचं? काही दोस्त म्हणतील, विद्यापीठच भटांचं, त्यांचे हक्क त्यांना लखलाभ. मला हे पटत नाही. त्यासाठी दोन दाखले देतो.

पहिला सॅन फ्रान्सिस्कोचा. ज्या ब्लॅक पँथर्सवरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्यांचा शिक्षणमंत्री जॉर्ज मरे तिथल्या स्टेट कॉलेजात इंग्रजीचा इन्स्ट्रक्टर होता. वरच्यांनी कॉलेजच्या अध्यक्षाच्या डोक्यावरून त्याला निलंबित करायला लावलं. ६ नोव्हेंबर १९६८ ला काळ्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला, इतर वर्णांची पोरं त्यांना मिळाली, जानेवारीत शिक्षकांची युनियनही संपावर गेली. मार्च १९६९ पर्यंत चालला. मागण्या काय होत्या? आमचा इतिहास आम्ही शिकवू, विभाग आमचा, शिक्षक आम्ही निवडू, आमची पोरं जास्त संख्येनं घ्या. म्हणजे 'कारभार वाटा' हेच. पण ते कुणा मंडळाच्या टेबलावरून आलं नव्हतं, पोरांनी ते रस्त्यावरून आत नेलं. वांशिक अभ्यासाचं स्वतंत्र कॉलेज त्यातून उभं राहिलं. पण मरेला ठेवलं नाही. काळ्यांच्या अभ्यासाची आखणी करणारे नेथन हेअर यांनाही ठेवलं नाही. विभाग मिळाला, माणसं गेली.

आपल्याला हे ओळखीचं वाटत नाही? २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. नाव मिळालं, आणि त्या नावासाठी गेलेल्यांपुढं मी मान झुकवतो. पण कमानीवर नाव लागल्यावर आपण आत जाऊन इतिवृत्ताचं रजिस्टर किती वेळा उघडलं?

दुसरा दाखला बाबासाहेबांचाच. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून सहकारी प्राध्यापकांनी कुरकुर केली. सहकारी, मालक नव्हे! म्हणजे शिक्षकांचं राज्य म्हणजे काय हे त्यांना पुस्तकाबाहेरून माहीत होतं. तरी ते विद्यापीठाकडं पाठ फिरवून बसले नाहीत. १९२४ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढं त्यांनी लेखी साक्ष दिली. विद्यापीठ हा नुसता परीक्षा घेणारा कारखाना नको, तिथं शिकवणं आणि संशोधन झालं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आणि १९२७ साली कायदेमंडळात विद्यापीठाच्या बिलावर बोलताना ते म्हणाले की उच्च शिक्षण गरिबाच्या दारापर्यंत नेणं हे विद्यापीठाचं मूळ काम आहे, आणि त्यासाठी मागासलेल्या वर्गांची माणसं सिनेटवर असलीच पाहिजेत. पदवीधरांच्या निवडणुकीतून ती येणार नाहीत, कारण आपल्यात पदवीधरच नाहीत. म्हणून वेगळी तरतूद करा.

हे दोन भाग एकत्र ठेवून वाचा. पहिल्यात विद्येचा कारभार विद्येच्या रीतीनं व्हावा ही मागणी आहे. दुसऱ्यात त्या कारभारात आमचा माणूस हवा ही मागणी आहे. सेलिगमनांच्या कागदात पहिली आहे, दुसरी नाही. शिष्यानं ती लिहिली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ, १९५० साली औरंगाबादचं कॉलेज, जे पुढं मिलिंद झालं. हे त्याच लिहिण्याचं पुढचं पान होतं.

७

मग करायचं काय? माझ्यासारख्यांनी काय करायचं ते आधी सांगतो, कारण पाप आमचं आहे.

समितीवर गेलेल्या आपल्या माणसानं कोरी सही करायची नाही. भिन्न मत लिहायचा हक्क आहे. तीन ओळी लिहा: उमेदवाराची पात्रता अशी, त्याला विचारलेले प्रश्न असे, मला तो योग्य वाटतो. हरलो तरी कागद राहतो, आणि कोर्टात, चौकशीत कागदच बोलतो. मी आता लिहितो. गेल्या काही वर्षांत मला समितीवर बोलावणं कमी झालंय, एवढीच किंमत. ती फार नाही.

दुसरं, आपण समितीवर राखीव जागेवर बसतो ते स्वतःच्या हुशारीनं नाही. बाहेर आल्यावर वस्तीला, विद्यार्थ्यांना, सीएचबीवाल्यांना सांगायचं, आत काय ठरलं. गुप्ततेची शपथ उमेदवाराच्या गुणांपुरती असेल, अन्यायापुरती नाही. आणि तास बुडवून गाईड लिहिणारा, आपल्याच पोरीकडून प्रबंधासाठी पैसे काढणारा प्राध्यापक जयभीमवाला असला तरी त्याला झाकायचं नाही. आपली साफसफाई आपणच करावी, हा त्या कागदातला मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. जातीवरून पोराला वर्गात हिणवणारा आणि आपल्यातला कामचोर, दोघंही त्या व्याख्येत नालायकच.

आता तुमचं काम. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. मोर्चाच्या आधी अर्ज टाका. तुमच्या कॉलेजात गेल्या दहा वर्षांत राखीव जागा किती जाहीर झाल्या, किती वेळा 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा पडला, त्या जागांवर नंतर तास कुणी घेतले. विकास समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. वर्षाला किती बैठका झाल्या ते बघा, नुसत्या सह्या फिरल्या की माणसं खरंच बसली ते बघा. सीएचबीवाल्याला मत हवं, ही मागणी पत्रकात पहिल्या नंबरवर घ्या. पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवा. चळवळीतल्या पोरांनी पदव्या घेतल्या आणि नोंदणीचा फॉर्म भरला नाही, म्हणून पाच राखीव जागांवर कुणाकुणाची प्यादी बसतात ते डोळ्यांनी बघतोय. १९२७ ला आपल्यात पदवीधर नव्हते. आज आहेत, पण यादीत नाहीत.

माझ्या त्या विद्यार्थ्याला एवढंच सांगायचं होतं. प्राध्यापकाचे हक्क म्हणजे माझा पगार नाही. तुझ्या वस्तीतला पोरगा त्या खोलीत मराठीत उत्तर देईल आणि कुणी हसणार नाही, हसलाच तर टेबलावरचा एक माणूस सही न करता उठेल, त्या उठण्याचा जो हक्क, तो. मला तो होता आणि मी वापरला नाही. त्या पोरानं व्हरांड्यात हळू आवाजात म्हटलेल्या जयभीमला मी आत जाऊन उत्तर द्यायला हवं होतं. ते इथं देतोय, उशिरा.

जयभीम.